मुकादमांची तीन महिन्यांची साखर

ज्येष्ठातला सोमवार, दुपार. ऑपरेशन थिएटरबाहेर हजर: कुंभिवलीचा चहावाला गणपत भोईर, स्ट्रेचरवर, आतडं फुटलेलं, त्याची बायको सुमन, आमचे सर्जन, मी, म्हणजे इन्चार्ज सिस्टर, आणि भूल देणारे डॉक्टर मुकादम. मुकादमांचा यांपैकी कोणावरच विश्वास नव्हता. ते गणपतच्या शर्टाचा खिसा हुंगत होते.

"बडीशेप," ते म्हणाले. "साखर लावलेली."

खालापुरातल्या आमच्या हॉस्पिटलात त्यांना माघारी सगळे फौजदार म्हणतात. नवऱ्याला एका खोलीत आणि बायकोला दुसऱ्या खोलीत विचारतात, चहात साखर किती? उत्तरं जुळली तर संशय आणखी वाढतो. "पढवून आणलेत," म्हणतात. पेशंटच्या डब्याचं झाकण उघडून बघतात. माझ्या डब्याचंही बघतात, आणि मी पेशंट नाही.

बोटाच्या तपासणीत गणपतची साखर तीनशेच्या वर निघाली.

"दुखण्यानं वाढली आसंल," सुमन म्हणाली. "गेल्याच आठवड्यात तपासली. बरोबर होती."

"तपासायच्या आधी काय खाल्लं होतं?"

"काय नाय. दोन दिस भाकर, चा, समदं बंद. वर कारल्याचा रस. तपासायची म्हटल्यावर आमच्याकडं समदेच करतात."

"बघा सिस्टर. पाहुणे येणार म्हणून घर झाडलं, आणि पाहुणे म्हणाले, काय स्वच्छ घर आहे."

सर्जन वैतागले. "मुकादम, पोटात पू झालाय. ऑपरेशन थांबवू का आता?"

"थांबवा कोण म्हणालं? मी इन्शुलिन लावतो, तुम्ही कापा. मला फक्त नळीभर रक्त हवंय, तीन महिन्यांच्या साखरेसाठी. तेही रक्ताची पिशवी चढवायच्या आधी. दुसऱ्याचं रक्त मिसळलं की साक्षीदार फितूर."

त्यांचं म्हणणं सोपं आहे. आजाराच्या ताणाने धडधाकट माणसाचीही साखर चढते आणि नंतर उतरते. पण तांबड्या पेशींना चिकटलेली साखर दोन दिवसांच्या उपासाने सुटत नाही. ती मागच्या दोन-तीन महिन्यांचं खरं सांगते. साखरेचं दुखणं जुनं असेल तर टाके पिकतात, जखम उसवते. ते आधी कळलेलं बरं.

तातडीचं कुठलंही ऑपरेशन असो, ही नळी ते मागतातच. मला वाटलं, लॅबकडून काही मिळत असेल. चौकशी केली. लॅब हॉस्पिटलचीच, मिळण्यासारखं काही नाही. तो मुद्दा मी खोडला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. गणपतची साखर जुनी होती, चांगलीच मुरलेली.

"पायाला मुंग्या येतात?" मुकादमांनी विचारलं.

"टपरीवर दिवसभर उभं ऱ्हायलं की येनारच की, साहेब."

"त्या उभं राहिल्याच्या नाहीत. असंच चाललं तर पुढची भूल मी तुझ्या पायासाठी देईन. मग उभं राहायचा प्रश्नच मिटला."

सुमनने गणपतच्या पायांवर चादर ओढली. ती टपरी सोडून नवराबायकोला दुसरं काही नव्हतं.

जखम उसवलीच. ती भरून गणपत घरी गेला तेव्हा मुकादमांनी बजावलं, तीन महिन्यांनी परत नळी. तेव्हापासून मला दुसरा संशय. मुकादमांचं घर कर्जतला, आणि ड्युटी संपली की स्कूटर वळायची कुंभिवलीकडे.

तीन महिने उलटले, गणपत आला नाही. तपासण्यांच्या यादीत नाव शिल्लक राहिलं की मला जेवण गोड लागत नाही. सुई आणि नळी पर्समध्ये टाकून संध्याकाळी मीच गेले. टपरीच्या बाकावर मुकादम.

"पाळत ठेवतोय," ते म्हणाले. "हा गिऱ्हाइकाच्या चहातली साखर चाखतो, अशी खबर आहे."

"कुनाची खबर, साहेब?" गणपत म्हणाला. "हितं तुमच्याबिगर खबऱ्या कोन हाय?" अंगाने उतरला होता, पण दोन्ही पायांवर नीट उभा होता.

सुमन मागे भाकरी थापत होती. हळूच म्हणाली, "पयल्यांदा भ्या वाटायचं, बाई. रोज येनार, डबे उघडनार. मग पावसात दोन दिस आले नायत, तर हे रस्त्याकडंच बघत बसले. आता साहेब भाकर हितंच खातात. त्यांच्या घरी कुलूप लावनारे बी तेच आन् उघडनारे बी तेच."

मी नळी काढली. गणपतने बाही वर केली.

"आज नको," मुकादम म्हणाले.

"का?"

"त्याने कालपासून पथ्य पाळलं असणार. पुढच्या आठवड्यात बघू, अचानक."

एका दिवसाच्या पथ्याने या तपासणीत काही होत नाही, हे आम्हाला मुकादमांनीच शिकवलं. मी तोंड उघडणार, तोवर ते हात धुवायला गेले.

गणपतने बाही खाली ओढली. "ऱ्हाऊ द्या, सिस्टर. रिपोर्ट बरा आला तर साहेबांनी यायचं कशाला?"

सुमनने ताट पुढे ठेवलं. मुकादम परतले, भाकरी उचलून खालून-वरून तपासली आणि जेवायला बसले.

नळी मी रिकामीच परत आणली. यादीत अजून आहे: गणपत भोईर, तीन महिन्यांची साखर, बाकी.