मालक म्हणून विचारतो

बेलसरेकाका मला पहिल्यांदा दिसले ते आमच्या जवळच्या सुपरमार्केटात. कोथिंबिरीची सुकलेली जुडी हातात धरून ते मॅनेजरची वाट बघत उभे होते. अंगात कोट, गळ्यात टाय, वय सत्तरीचं. मी फोनवर आईशी मराठीत बोलत होते ते ऐकून त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "केळी आज घेऊ नका. उद्या ताजी येतात. आपलंच दुकान आहे."

पुण्याहून लीड्सला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. एवढ्या मोठ्या इंग्रजी दुकानाचा मालक मराठी निघाला म्हणून मला कोण अभिमान वाटला. आईला लगेच सांगूनही टाकलं. पुढे कळलं की गृहस्थ मूळ अकोल्याचे, इथल्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेले कान-नाक-घशाचे सर्जन, आणि राहायला आमच्याच रस्त्यावर. दुकानाचे मालक एवढ्याच अर्थाने, की त्या कंपनीचे मूठभर शेअर त्यांच्या नावावर होते.

"मूठभर का असेनात," काका म्हणायचे, "मालक तो मालक. पाव मालक, अर्धा मालक असं कायद्यात काही नाही बाप्पा."

या हिशेबाने काका लीड्समधल्या बऱ्याच गोष्टींचे मालक होते. शहरातल्या बस त्यांच्या होत्या, त्यामुळे बसमध्ये चढले की आधी खिशातल्या रुमालाने खिडकीची काच पुसायचे आणि मग बसायचे. नळाचं पाणीही इथे खासगी कंपनीचं, म्हणजे त्यांचंच होतं. माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला धार कमी येते असं मी एकदा सहज म्हणाले, तर ते "बघतो" म्हणून गेले, आणि दोन दिवसांनी धार खरंच सुधारली. त्यांनी कोणाला फोन केला की तो निव्वळ योगायोग होता, हे मला आजही माहीत नाही. एका पब-कंपनीतही त्यांचा वाटा होता. दारूचा थेंब न घेणारा हा माणूस महिन्यातून एकदा पबमध्ये जाऊन लेमोनेड प्यायचा, स्वच्छतागृहातलं हात वाळवायचं मशीन चालतंय का ते बघायचा आणि समाधानाने घरी यायचा.

पण काकांचं खरं रूप बघायचं तर सभेत. कंपनीची वार्षिक सभा असते, तिथे कोणत्याही भागधारकाला जाऊन प्रश्न विचारता येतात. बहुतेक लोक जात नाहीत. काका एकही सभा चुकवत नसत. मी एकदा त्यांच्याबरोबर मँचेस्टरला एका बिस्किट कंपनीच्या सभेला गेले होते. हॉलमध्ये डोकी मोजकीच, त्यातही बरीचशी पांढरी. चेअरमनसाहेबांनी नफ्यातोट्याचं सांगून झाल्यावर प्रश्न मागितले आणि कोणी हात वर करायच्या आतच काकांकडे बघून मान झुकवली. काका उठले, टाय सारखा केला आणि म्हणाले, "या कंपनीचा एक मालक म्हणून विचारतो." मग त्यांनी सांगितलं की कंपनीचं बिस्किट पूर्वी चहात बुडवलं तर दम धरायचं, आता लगेच तुटून कपात पडतं. आपण घरी बुडवून बघितलं आहे. हा बदल संचालक मंडळाने मंजूर केला होता काय?

मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. पण चेअरमननी प्रश्न गांभीर्याने घेतला, कारखान्याच्या प्रमुखाला उभं केलं, आणि त्या बिचाऱ्याने कबूल केलं की पिठाचं प्रमाण थोडं बदललं आहे. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मागच्या एका आजीबाईंनी तर काकांच्या जवळ येऊन सांगितलं की इतकी वर्षं मला माझाच हात थरथरतो असं वाटत होतं.

परत येताना काकांच्या हातात कंपनीने भेट दिलेली बिस्किटांची पिशवी होती. अशा पिशव्या वर्षभर साठायच्या आणि गणपतीत इथल्या मराठी मंडळातल्या मुलांना वाटल्या जायच्या. काका त्याला डिव्हिडंड म्हणत.

सभेत ते फक्त आकडे ऐकत नसत, आवाजही ऐकत. एका सिमेंट कंपनीचे चेअरमन बोलत असताना ते शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाले होते की नफ्याचं खरं दिसतंय, घशाचं काही खरं नाही. सभा संपल्यावर सँडविचच्या टेबलापाशी त्यांनी चेअरमनना गाठलं, बाजूला घेतलं आणि स्वरयंत्र ताबडतोब तपासून घ्यायला बजावलं. पुढच्या वर्षी ते चेअरमन भाषण सुरू करण्याआधी व्यासपीठावरून खाली उतरले आणि काकांचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. वेळेत ऑपरेशन झालं होतं. काकांनी त्याही वर्षी प्रश्न विचारलाच, ट्रकच्या डिझेलचा.

मी एका फंड कंपनीत, लोकांच्या गुंतवणुकीची जोखीम मोजणारं सॉफ्टवेअर लिहायचे. हे कळल्यावर काकांनी मला "आपल्या लाइनमधली" म्हणून जाहीर केलं आणि एका रविवारी चहाला बोलावून आपला पोर्टफोलिओ दाखवला. मी बघतच राहिले. डॉट-कॉमच्या पडझडीत भल्याभल्यांचे हात पोळले होते, आणि या माणसाकडे बँक, बस, पाणी, बिस्किटं, बूट, सिमेंट, ब्रिस्टलची विमानाचे सुटे भाग बनवणारी कंपनी, असं सगळं कसं छान विभागलेलं होतं. एक धंदा बसला तर दुसरा तारेल. मी मनापासून कौतुक केलं आणि विचारलं की ही निवड कशी केलीत.

"महिन्यावरून," काका म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. बँकेची सभा एप्रिलमध्ये असते, बसची मेमध्ये, पाण्याची आणि ब्रिस्टलची जुलैमध्ये. फेब्रुवारीत काहीच नव्हतं, म्हणून सिमेंट घेतलं. नोव्हेंबर रिकामा होता, म्हणून बूट. एका आठवड्यात दोन सभा आल्या की एका कंपनीचे शेअर विकायचे. "विभागणी म्हणतात ती हीच ना? वर्षात एकही महिना रिकामा जाता कामा नये."

मी हसले, तेही हसले. मग मी त्यांच्यामागच्या भिंतीकडे बघितलं. तिथे त्यांच्या पत्नीचा, निर्मलाकाकूंचा फोटो होता. त्या मी येण्याआधीच गेल्या होत्या. त्या असताना काका वर्षाला दोन-तीन सभांना जात, बाकीच्या त्या गेल्यानंतर वाढल्या, असं मंडळातले लोक सांगत. मुलगा नितीन लीड्समध्येच वाढला, आता टोरांटोजवळ मिसिसागाला होता. रविवारी त्याचा फोन यायचा. काका तिथलं तापमान विचारायचे, तो इथलं विचारायचा.

त्या दिवशी मला माझं ज्ञान पाजळायची हुक्की आली. मी म्हटलं, काका, धंदे वेगवेगळे असले तरी देश एकच आहे. ब्रिटनला शिंक आली की तुमच्या सगळ्या कंपन्यांना सर्दी होणार. थोडे पैसे बाहेर ठेवा.

"बाहेर म्हणजे कुठे?"

मी जपान म्हटलं, अमेरिका म्हटलं, कॅनडा म्हटलं. काकांनी कप बशीत ठेवला आणि कॅनडात सभा कधी असतात ते विचारलं.

पुढचा महिनाभर ते रोज संध्याकाळी माझ्याकडे प्रश्न घेऊन यायचे. डॉलर पडला तर काय, डिव्हिडंडवर तिकडचं सरकार आधीच कर कापतं का, असे रीतसर प्रश्न. मी म्हटलं, तुम्ही कॅनडाचा एखादा फंडच घ्या, एका घासात शंभर कंपन्या मिळतील. फंडाला सभा असते का, त्यांनी विचारलं. तशी नसते, मी म्हणाले. मग तो काय कामाचा, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. शेवटी कागद बनवणारी एक कंपनी पक्की झाली. शेअर ब्रोकरच्या नावावर राहिले तर सभेत जाऊन बसणं कठीण होतं, म्हणून ते स्वतःच्याच नावावर हवेत यासाठी त्यांनी ब्रोकरच्या ऑफिसातल्या पोराला इतके फोन केले की तो त्यांना आवाजावरून ओळखायला लागला. कंपनी नफ्यात आहे की नाही हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की टोरांटोतल्या सभेच्या हॉलपासून मिसिसागा किती लांब.

मी म्हटलं, "काका, नितीनकडे जायचंय तर नुसते जा ना. शेअर कशाला?"

त्यांनी समोरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "त्याने बोलावलं नाही, मी कसा जाऊ? कामाशिवाय गेलं की माणूस मुलाला ओझं होतो. काम असलं की कसं, मुक्काम होतो."

तिकीट निघालं. मग एका संध्याकाळी मला नितीनचा फोन आला. काकांनी त्याला अडीअडचणीसाठी माझा नंबर देऊन ठेवला होता. आवाजात काळजी होती.

"बाबा का येतोय?" त्याने विचारलं. "त्याचा तब्येत ठीक आहे ना? मला म्हणतो मीटिंग आहे. थोडासा शेअरसाठी कोणी इतका लांब येतो?"

मी म्हटलं की तब्येत उत्तम आहे. आणि मग मला राहवलं नाही. "मीटिंग एका सकाळचीच आहे, नितीन. तिकीट महिन्याचं आहे."

"महिन्याचा?" त्याने परत विचारलं. मग तो म्हणाला, "मी कधी बोलावला नाही कारण त्याचा डायरी नेहमी फुल असतो. दर वेळी मीटिंग, मीटिंग. मला वाटला, बाबाला टाइम नाही."

मी काकांना मँचेस्टरच्या विमानतळावर सोडलं. बॅगेत मेतकूट होतं, नातीसाठी बिस्किटं होती आणि सभेचा टाय वेगळा घडी करून ठेवलेला होता.

सभेत काय झालं ते मला नितीननेच फोन करून सांगितलं. त्याने रजा काढली होती आणि पाहुणा म्हणून तो वडिलांच्या शेजारी बसला होता. आपल्या बाबाला चार लोकांत उभं राहून बोलताना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. काकांनी नाव सांगितलं, गाव लीड्स सांगितलं आणि कंपनीने तोडलेल्या झाडांच्या जागी किती लावली ते विचारलं. चेअरमन चकित झाले. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी कौतुकाने विचारलं, डॉक्टर, तुम्ही खास आमच्या सभेसाठी एवढे इंग्लंडहून आलात?

सगळा हॉल वळून बघत होता. नितीनला वाटलं, आता बाबा मालकाचं भाषण सुरू करणार. काकांनी टाय सारखा केला आणि म्हणाले, "नाही. माझा मुलगा इथे राहतो, त्याला भेटायला आलो. तुमची सभा वाटेत लागली."

हे सांगताना नितीनचं मराठी संपलं. पुढचं तो इंग्रजीतही नीट बोलू शकला नाही.

काका महिन्याचे दोन महिने राहून आले. तब्येतीने भरले होते. इकडच्या दोन सभा बुडाल्या, त्याचं त्यांना काही नव्हतं. मी चहा टाकला आणि टोरांटोची सभा कशी झाली ते विचारलं. त्यांनी हॉलचं वर्णन केलं, कॉफी पातळ होती म्हणाले, झाडांचा आकडा समाधानकारक वाटला म्हणाले.

"आणि काही विशेष?"

"विशेष काही नाही," काका म्हणाले. "चेअरमननी उलट मलाच एक प्रश्न विचारला. सोपा होता."