संत इसिद्रो आणि किंचाळणारा पट्टा

नवस बोलताना माणसानं आपल्याला झेपेल असंच काहीतरी कबूल करावं, असं माझी आई सांगायची. मी आजवर उपास धरलेत, गुडघ्यांवर चालत चॅपलची पायरी गाठलीय, एकदा ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात कॉफीसुद्धा सोडलीय (त्या दिवसांत घरचे सगळे माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी प्रार्थना करत होते, हे नंतर कळलं). त्यामानानं या मे महिन्यातला नवस मला अगदीच सोपा वाटला. मी शेतकऱ्यांच्या संत इसिद्रोंना म्हटलं, "तुमच्या सणाला तुम्ही शेतावर पोचेपर्यंत मी ओनोफ्रेला एकही सल्ला देणार नाही. तेवढी त्याची पिकअप चढ चढू दे."

ओनोफ्रे म्हणजे माझा नवरा. यंदा चॅपलची सेवा आमच्या घराकडे आहे. सणाला संतांच्या मूर्तीला वरच्या शेतांवर न्यायचं, पाटाच्या पाण्याला आणि बियाण्याला आशीर्वाद द्यायचा, हे सेवेकऱ्यांचं काम. पूर्वी चौघं जण खांद्यावरून न्यायचे. आता त्या चौघांपैकी एकाचे गुडघे नवीन आहेत, बाकीच्यांचे फार जुने. म्हणून ज्याची सेवा, त्याची पिकअप.

आमची पिकअप ओनोफ्रेच्या वडिलांची. तिनं मेंढ्या वाहिल्या, सरपण वाहिलं, चर्चमधून आम्हा नवराबायकोला घरी आणलं. पण गेल्या हिवाळ्यापासून ती सुरू केली की बॉनेटखालून चिमटा काढलेल्या डुकराच्या पिल्लासारखी किंचाळायची. आणि चढावर तर अशी चालायची, जणू पुढचं पाऊल टाकावं की नाही याचा विचार करतेय.

माझा दीर फ्लावियो नवी कोरी पिकअप घेऊन मुद्दाम आमच्या अंगणातून वळला.

"दादा, संतांना माझ्या गाडीत बसव. तुझ्या गाडीत बसवलंस तर अर्ध्या चढावर उतरून ढकलायला लागतील बिचारे. हो की नाही, वहिनी?"

ओनोफ्रे हसला. पण रात्री त्यानं पानातल्या घेवड्याला हात लावला नाही. माझ्या हातचा घेवडा सोडणारा ओनोफ्रे मी एकदाच पाहिला होता, त्याचे वडील गेले तेव्हा. म्हणून तो नवस.

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली. आधी त्यानं इंजिनाच्या पट्ट्यावर कसलासा फवारा मारला. पिल्लू थोडा वेळ गप्प बसलं, मग दुप्पट ओरडलं. मग पट्टाच नवा घातला. नवा पट्टा जुन्यापेक्षा तरुण, त्यामुळे आवाज आणखी वरच्या पट्टीत. गाडीला वेग यावा म्हणून त्यानं तिचं वजन कमी करायला घेतलं. अवजारांची पेटी काढली, मागचं फळकं काढलं, सीटखालची माझी छत्रीसुद्धा काढली. शेवटी दुकानातून इंजिनात ओतायचं औषध आणलं. बाटलीवर उधळलेला घोडा होता. गाडी तेवढीच चढली. धुराला मात्र जरा बरा वास यायला लागला.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी तोर्तिया लाटत होते आणि जीभ चावत होते. कारण त्याच खिडकीतून मला एक रानउंदीर दिसला होता. तोंडात माझी निळी लोकर धरून तो ऐटीत गाडीखालून बॉनेटमध्ये शिरला, तो परत बाहेर काही आला नाही.

आणि नेमकं त्याच दिवसांत ओनोफ्रेला काय सुचावं? इतक्या वर्षांच्या संसारात कधी न विचारलेला प्रश्न तो विचारायला लागला.

"सेनाइदा, तुला काय वाटतं, कुठून येत असेल आवाज?"

"चिली फार तिखट नाही ना झाली?"

"गाडीचं विचारतोय मी."

"मक्याचं पोसोले उरलंय, घेतोस थोडं?"

मग उठून त्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तो आणखीच घाबरला.

सण जवळ आला तशी मी देवाशी जरा वकिली केली. सल्ला द्यायचा नाही, हे कबूल. पण आशीर्वाद म्हणजे काही सल्ला नव्हे. मी पवित्र पाण्याची बाटली घेऊन अंगणात गेले. गाडी सुरू होती, बॉनेट उघडं. मी पदर सावरावा तसा एप्रन सावरला, लांबूनच क्रूस काढला आणि फिरत्या पट्ट्यावर पाणी शिंपडलं.

किंचाळी थांबली.

मी तिथंच गुडघे टेकणार, तेवढ्यात ती परत सुरू झाली. ओनोफ्रेनं मात्र डोळे बारीक केले.

"पुन्हा शिंपड."

शिंपडलं. गप्प. सुकलं, की पुन्हा बोंब.

"पट्टा सैल नाहीच," तो म्हणाला. "सैल असता तर पाणी पडल्यावर आणखी ओरडला असता. कुठली तरी पुली तिरकी बसलीय."

जेवणाच्या आत त्यानं ती शोधली. वाकडी, खिळखिळी झालेली एक लहानशी पुली. नवी बसवली आणि अंगणात अशी शांतता पसरली की कोंबड्या दचकून बघायला लागल्या. मी मनात म्हटलं, संतांनी आपलं काम केलं. (अर्धं केलं. गाडी अजून चढत नव्हती.)

उरलेल्या अर्ध्यासाठी मी प्रार्थनेला बसले. खोलीत नाही, पिकअपच्या शेजारी, खुर्ची टाकून. आणि जरा मोठ्यानं.

"संत इसिद्रो, तुम्ही बैलांचे श्वास राखले. या गाडीचाही श्वास मोकळा करा. तिच्या नाकातोंडात काही गेलं असेल, विशेषतः निळ्या रंगाचं, तर..."

हे मी संतांना सांगत होते. नवरा चोरून ऐकत असेल तर तो त्याचा आणि संतांचा प्रश्न.

ओनोफ्रेनं एअर फिल्टरचं झाकण उघडलं. आत माझी लोकर, पिन्योनच्या बियांच्या टरफलांचा ढीग आणि ऐसपैस घरटं. घरमालक बाहेर गेलेले होते. त्यानं सगळं झाडून काढलं, नवा फिल्टर घातला, अॅक्सिलरेटर दाबला आणि लहान मुलासारखा हसला. रात्री त्यानं घेवडा दोनदा मागून घेतला.

सणाला संत पिकअपमध्ये मागे उभे राहिले. लाकडी बैलजोडी, देवदूत, कागदी फुलं, दोरखंड. त्यांना धरायला मी शेजारी बसले. मागून चालत फादर, व्हायोलिनवाला, बायकामुलं आणि हाताची घडी घातलेला फ्लावियो. चढ आला. ओनोफ्रेनं जुन्या सवयीनं पाय पार खालपर्यंत दाबला.

गाडीला नवा श्वास आल्याचं त्याचा पाय विसरला होता.

आम्ही सुटलो. देवदूताच्या टोपीतलं फूल उडालं, फादरांचं स्तोत्र लांब गेलं, मग व्हायोलिनही. मी संतांच्या कमरेला मिठी मारली. ड्रायव्हरच्या पाठीमागची काच उघडीच होती, ओनोफ्रेचा कान माझ्यापासून हातभर. "हळू" हा केवढासा शब्द, माझ्या दातांवर येऊन उभा होता. पण हळू म्हणणं हा सल्लाच की. मी संतांच्या लाकडी खांद्यात तोंड खुपसलं आणि गप्प राहिले.

संत इसिद्रो शेतावर इतक्या लवकर कधीच पोचले नसतील. वर कुणी नव्हतं. खाली वळणावर लोक मुंग्यांएवढे दिसत होते आणि फ्लावियो फादरांना हात देऊन चढवत होता.

ओनोफ्रे उतरला, मागे आला, मला धरून खाली घेतलं. माझी ओढणी सारखी केली.

"बरी आहेस ना? आठवडाभर गप्प गप्प आहेस. आज तरी ओरडशील असं वाटलं होतं."

मग मी त्याला नवस सांगितला. त्यानं पाटाच्या पाण्याकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय.

"काय झालं?"

"मीही नवस बोललो होतो," तो डोळे पुसत म्हणाला. "गाडी चढू दे, सेनाइदा जे सांगेल ते मुकाट्यानं ऐकेन. विचारून विचारून दमलो मी. तू आपली पोसोले वाढत होतीस."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझं ऐकायला तयार होता. गच्चीची गळती, त्याचं कोलेस्टेरॉल, त्याची ती जुनाट हॅट, सगळं एकदम जिभेवर आलं.

"कधीपर्यंतचा आहे तुझा नवस?" मी घाईनं विचारलं.

"संत शेतावर पोचेपर्यंत," ओनोफ्रे म्हणाला. "म्हणून तर आत्ता सांगतोय."