इंदूमावशींचा बॉयलर

इंदूमावशींकडे जेवायला जायचं तर जन्मसाल सांगावं लागतं. नाव, गाव, नोकरी हे सगळं त्यांना नंतर कळलं तरी चालतं. तुम्ही दारात बूट काढत असतानाच त्या विचारतात, "साल कुठलं तुझं?" आणि त्यावरून तुमची जेवणाच्या टेबलावरची जागा ठरते. सगळ्यांत लहान मूल पहिल्या खुर्चीवर, मग चढत्या वयानं बाकीचे. वाढायचंही त्याच क्रमानं.

माझे बाबा नागपूरहून पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही त्यांना मोठ्या कौतुकानं मावशींकडे नेलं. बाबांना आयुष्यभर घरात पहिलं ताट मिळालेलं. इथे त्यांच्या पानात वरणभात पडेपर्यंत आमच्या पाच वर्षांच्या सईचं श्रीखंड चाटूनपुसून झालं होतं. "हे काय आहे बे?" असं बाबांनी माझ्या कानाशी विचारलं, पण बाबांचं कुजबुजणं चार घरं ऐकू जातं.

"दादा, तुम्ही एकाहत्तर वर्षं जेवताय," मावशी शांतपणे म्हणाल्या. "तिची आत्ता कुठे सुरुवात आहे. तुम्हीच सांगा, फेअर आहे की नाही?"

बाबा गाडीत घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घर रस्त्यापलीकडेच आहे, पण थंडीमुळे आम्ही गाडीनं गेलो होतो, आणि तेवढ्या अंतरातही त्यांचा अबोला चांगलाच जाणवला.

"फेअर आहे का?" हे मावशींचं पालुपद. मावशी माझ्या कुणी नात्यातल्या नव्हेत. अमेरिकेत श्रूजबरीला लागून असलेल्या आमच्या छोट्या गावात त्या आमच्या समोर राहतात, एवढंच. अडुसष्ट साली सांगलीहून नवऱ्याबरोबर इकडे आल्या, तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं आणि रिटायर झाल्या. मी सांगतोय ती गोष्ट दोन हजार पाच सालच्या हिवाळ्यातली. काका जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मुलगा सिअ‍ॅटलला, त्याचा फोन रविवारी.

लॅबमधला काटेकोरपणा रिटायर व्हायला तयार नव्हता. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या ताटामागे मावशी उभ्या राहत. दहा वर्षांच्या आतल्यांना दोन, बाकीच्यांना एक. एकदा मंडळाच्या अध्यक्षांनीच दुसऱ्या मोदकाला हात घातला. "अध्यक्ष, साल कुठलं तुमचं?" मावशींनी साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं. अध्यक्षांनी मोदक परत ठेवला आणि पुढच्या वर्षी मावशींना ताटामागून हलवून चपलांच्या बंदोबस्ताला लावलं. तिथेही त्यांनी मुलांच्या चपला पहिल्या रांगेत लावून घेतल्या.

आता थोडं तेलाविषयी. आमच्या भागात घरं तेलावर तापवतात. तळघरात टाकी, शेजारी बॉयलर, आणि हिवाळ्यात महिन्या-दीड महिन्यानं टँकर येऊन टाकी भरून जातो. पासष्टीच्या पुढच्या प्रत्येकाला हिवाळ्यात निम्मी टाकी गावाच्या खर्चानं भरून द्यायची, अशी आमच्या गावात जुनी पद्धत होती. मग तो माणूस लखपती असो की कफल्लक. मावशींना पेन्शन होतं, काकांचा विमा होता, तरी त्यांच्याकडेही तो टँकर यायचा. त्या दिवशी त्यांचं डोकं फिरलेलं असायचं.

"ये, बघ!" त्या मला अंगणातून हाका मारत. "तुझ्या सईची बालवाडी माझ्या टाकीत ओततायत!"

त्यांचं म्हणणं खरं होतं. पैसे नाहीत म्हणून गावाच्या शाळेतली बालवाडी अर्ध्या दिवसाची होती. रोज दुपारी बाराला मी किंवा माझी बायको मृणाल ऑफिसातून धापा टाकत सईला आणायला धावायचो. माझ्या मॅनेजरला वाटायचं की मी कमालीचा खादाड आहे, लंचला एवढा वेळ लागतो म्हणजे काय.

त्या वर्षी तेलाचे भाव भडकले आणि मावशींनी कंबर कसली. आमच्याकडे गावाचे निर्णय शाळेच्या हॉलमध्ये सगळे मतदार जमून हात वर करून घेतात. आपल्या ग्रामसभेसारखंच, फक्त वेळेवर सुरू होतं. मी व्हिसावर असल्यामुळे मला टॅक्स भरायची परवानगी होती, मत द्यायची नव्हती. अशा लोकांना मागे दोरी बांधून वेगळं बसवतात आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत अशी तंबी देतात.

"तू जा मागे," मावशी म्हणाल्या. "तुझं मत मी देते. सईचंही मीच देते."

मग माइकसमोर उभं राहून त्यांनी आपला प्रस्ताव मांडला. तेलाची मदत सरसकट नको. ज्याला गरज आहे त्यानं टाउन हॉलमध्ये, म्हणजे गावाच्या कचेरीत, अर्ज करावा, त्याला मिळेल. उरलेल्या पैशातून बालवाडी पूर्ण दिवसाची करावी. समारोपात त्यांनी त्या गोऱ्या मंडळींना पंगत समजावून सांगितली. आमच्या देशात आधी मुलं जेवतात, मग मोठे, असं ठणकावलं. आमच्या देशात आधी पुरुष जेवतात आणि बायका शेवटी उरलंसुरलं खातात, हे मला माहीत होतं, पण मी मतदार नव्हतो.

टाळ्या थांबल्यावर डोरिस उठली. डोरिस म्हणजे मावशींची लगतची शेजारीण, एक्याऐंशी वर्षांची, काठीसारखी सरळ. नवरा वारलेला.

"फ्रँकला आणि मला मूल झालं नाही," ती म्हणाली. "तरी पन्नास वर्षं आम्ही या शाळेसाठी टॅक्स भरला. दुसऱ्यांच्या मुलांसाठी भरला, आणि आनंदानं भरला. आता मला थोडी ऊब मिळते, तर ती तुम्हाला जास्त वाटते का?"

एवढंच बोलून ती खाली बसली. मावशी पुन्हा माइकपाशी आल्या. "डोरिस, तुला मिळेलच," त्या म्हणाल्या. "फक्त एक फॉर्म भरायचा आहे."

प्रस्ताव पास झाला. मी दोरीमागून टाळ्या वाजवल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपाईबुवांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. जानेवारीपासून सई तीन वाजेपर्यंत शाळेत जाऊ लागली. मृणालनं मावशींना पेढे नेऊन दिले.

जानेवारीतच दोनदा दणदणीत बर्फ पडला. नंतर दोन दिवस ऊन आलं आणि सगळ्यांच्या छपरांवरचा बर्फ घरंगळून खाली आला. डोरिसच्या छपरावरचा मात्र तसाच राहिला. घरात ऊब असली की छपरावरचा बर्फ खालून सुटतो, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मावशींनी ते छप्पर दोन दिवस खिडकीतून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी खिचडीचा डबा घेऊन त्या तिच्याकडे गेल्या.

तासाभरानं त्या आमच्याकडे आल्या. खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ हातमोजेही काढले नाहीत.

"ती स्वयंपाकघरात राहते रे," त्या म्हणाल्या. "बाकीचं सगळं घर बंद. अंगात कोट, डोक्यावर टोपी, आणि ओव्हनचं दार उघडं टाकून समोर बसलेली."

"पण अर्ज नाही का केला?" मी विचारलं.

"मी फॉर्म घेऊनच गेले होते. म्हटलं, मी भरते, तू नुसती सही कर. तर म्हणाली, टाउन हॉलच्या खिडकीत जी मुलगी हे फॉर्म घेते, तिला मी रविवारी चर्चमध्ये शिकवलंय. तिच्यासमोर हात पसरू? आणि डबा घेतला, थँक यू म्हणाली, आणि दार लावलं."

मृणालनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मावशी, पण तुमचा निर्णय चुकीचा नव्हता."

"नव्हताच. उद्या परत मत घेतलं तर मी तेच देईन. पण मला वाटलं, फॉर्म म्हणजे काय मोठं! आमच्या सांगलीत रेशनच्या रांगेत हेडमास्तर उभे असायचे, त्यांच्यामागे माझे वडील. दोघं गप्पा मारत साखर घेऊन यायचे. त्यात लाज कसली? सदतीस वर्षं राहतेय इथे निखिल, रोज त्या बाईला गुड मॉर्निंग करतेय, आणि मला कळलं नाही की तिला लाज वाटेल." त्यांनी आत्ता कुठे हातमोजे काढले.

"तुमच्याकडे राहायला बोलवा," मृणाल म्हणाली.

"मेली तरी यायची नाही. पण," मावशींनी चहाचा घोट घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोदकांच्या ताटामागची चमक आली, "मी तिच्याकडे आसरा मागितला तर ती नाही म्हणणार नाही."

कट असा ठरला. मावशींचा बॉयलर बिघडला असं सांगायचं. मावशींनी डोरिसच्या घरी मुक्काम ठोकायचा आणि मग हक्कानं तेलाच्या खर्चाचा अर्धा वाटा उचलायचा. यात एकच अडचण होती. मावशींना खोटं बोलता येत नव्हतं.

"खोटं तू बोलायचंस," त्या म्हणाल्या. "तू इंजिनीअर आहेस."

"मावशी, मी सॉफ्टवेअरवाला आहे!"

"तिला काय कळतंय त्यातलं."

शनिवारी सकाळी आम्ही डोरिसच्या दारात उभे राहिलो. मावशींनी आदल्या संध्याकाळीच बॉयलर बंद करून घराचं शीतकपाट केलं होतं. मी घसा साफ करून सांगितलं की बॉयलर कायमचा गेला, मी स्वतः तपासला, पार्ट मिळत नाही. डोरिसनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"बघू," ती म्हणाली, आणि बूट घालू लागली.

तेव्हा कुठे मला आठवलं. डोरिसचा फ्रँक जन्मभर या गावातले बॉयलर दुरुस्त करत होता. मावशींना हे माहीत होतं, मलाही माहीत होतं. आम्हां दोघा हुशार माणसांना ते वेळेवर आठवलं नाही, इतकंच. "मी त्याच्यासाठी बॅटरी धरायचे," अंगण ओलांडताना डोरिस सांगत होती. "वीस-बावीस वर्षं. या गावातली सगळी तळघरं मी पाहिलीत."

आमच्याकडे प्रत्येक तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर लाल पट्टीचं एक बटन असतं. ते खाली केलं की बॉयलर बंद. मावशींनी ते खाली केलं होतं आणि तसंच ठेवलं होतं. मावशी आमच्यामागे स्वयंपाकघरात थांबल्या होत्या. डोरिस जिन्याशी आली, तिची नजर त्या बटनावर गेली आणि तिथेच थांबली. मी तिच्याकडे पाहत होतो आणि तिनं मला पाहताना पाहिलं. आता ती हसेल, किंवा रागानं घरी निघून जाईल, असं मला वाटलं.

ती कठडा धरून एकेक पायरी खाली उतरली. बॉयलरवर तळहात ठेवला, बोटाच्या पेरानं दोन ठिकाणी वाजवून पाहिलं, छोटं झाकण उघडून वाकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग झाकण लावलं आणि वर मावशींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "गेलाय खरा. या मॉडेलचा पार्ट हिवाळा संपेपर्यंत मिळायचा नाही."

मला म्हणाली, "पाइपांतलं पाणी काढायला हवं, नाहीतर फुटतील. ये, दाखवते कसं काढायचं." मला दाखवताना तिचा एकही नळ चुकला नाही. वर आल्यावर मावशींना म्हणाली, "इंदू, तुझी उशी घेऊन ये. तेलाचे पैसे अर्धे अर्धे."

"अर्धे अर्धे," मावशी म्हणाल्या. "फेअर आहे."

डोरिसनं ते बटन पाहिलं होतं, हे मी मावशींना आजवर सांगितलेलं नाही. आठवड्याभरात डोरिसच्या छपरावरचा बर्फ धडाधड खाली आला आणि तिच्या धुराड्याजवळून फोडणीचा वास आमच्या अंगणापर्यंत येऊ लागला.

मार्चमधल्या एका रविवारी मी त्यांच्या दारातला बर्फ काढायला गेलो. डोरिस चर्चला गेली होती. मावशी एकट्याच स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या. मी सहज म्हटलं, "मावशी, आता थोडेच दिवस. पुढच्या महिन्यात तुमचं घर सुरू करून देतो."

त्या कोथिंबिरीची काडी न् काडी वेगळी करत राहिल्या.

"पहाटे पाचला ती खोकते," मग त्या म्हणाल्या. "म्हातारीचा खोकला तो, चांगला दहा मिनिटं चालतो. पहिल्या दिवशी मी दचकून जागी झाले. आता मी त्याच्या आधीच उठते आणि वाट बघत पडते. सहा वर्षं माझ्या घरात माझ्याशिवाय कुणी खोकलं नव्हतं रे. मी सगळ्यांना सांगत होते, तिच्यासाठी चाललेय म्हणून."

इतकी वर्षं समोरच्या घरात राहून मला हे कधी सुचलंही नव्हतं, याची मला फार लाज वाटली. मी फावडं दाराला टेकवून ठेवलं आणि त्यांच्यासमोर बसलो. मावशींनी घड्याळाकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि चर्चहून थंडीत येणाऱ्या डोरिससाठी चहाचं आधण ठेवायला उठल्या.