सेतुमाधवरावांच्या घरचं कार्य

सेतुमाधवराव रक्तदानाचं आमंत्रण अक्षता देऊन करतात. हातात तबक, तबकात विड्याची पानं, सुपारी, कुंकवाचा करंडा. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगीसारखी पांढरी वेष्टी आणि चेहऱ्यावर वधूपित्याची धावपळ. कॉलनीतलं एकही दार सुटत नाही.

आम्ही कुलकर्णी बदलीवर चेन्नईला आलो तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझी बँक नुंगंबाक्कमला, घर तांबरमला. सामान पुरतं लागलंही नव्हतं, तोच दारात हे गृहस्थ. तंजावरकडचे मराठी. त्यांचं बोलणं म्हणजे कुणीतरी जुनी बखर वाचतंय आणि मध्येच तमिळमध्ये होकार मागतंय.

"आदितवारी कार्य आहे. उभयतांनी यावं, उभं राहून चालवून द्यावं. सरी?"

आम्हीही सरी म्हणालो. परमुलखात आल्या आल्या लग्नाचं बोलावणं आलं म्हणून नीलिमा, म्हणजे आमची सौभाग्यवती, हरखून गेली. रविवारी तिने पैठणी काढली, मी सिल्कचा झब्बा. केळीच्या पानावरच्या जेवणाला पोटात जागा हवी, म्हणून सकाळचा चहासुद्धा घेतला नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये पाहतो तर ना नादस्वरम, ना नवरदेव. ओळीने खाटा आणि त्यांवर हाताला नळी लावलेली माणसं. नर्सने विचारलं, काही खाल्लंय का? आम्ही नाही म्हणताच रावांनी कपाळावर हात मारला. आम्हाला कोपऱ्यात बसवून इडल्या खायला घातल्या, त्या जिरेपर्यंत गप्पा मारल्या. मग पैठणी सावरत नीलिमा खाटेवर आडवी झाली, आणि तिच्यासमोर मला माघार घेता येईना.

आमंत्रणात रक्ताचं नाव का घेत नाही, असं मी नंतर विचारलं. त्यांच्या मते रक्त म्हटलं की माणसाला एकेक जुनं दुखणं आठवतं. कार्य म्हटलं की तो फक्त कपडे कुठले घालायचे याचा विचार करतो.

एकदा रक्त देऊन सुटका नसते. तुम्ही खाटेवर असतानाच राव वाकून विचारतात, "सरी, पुढचं केव्हा?" पुरुषांना तीन महिने, बायकांना चार, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. जवळच्या इस्पितळात काही लेकरं आहेत, त्यांना दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. त्या लेकरांचं दुखणं एकदाचं नसतं, मग तुमचं देणं एकदाचं कसं चालेल, असं ते विचारतात. स्वतः पासष्टी ओलांडली, डॉक्टरांनी त्यांचं रक्त घ्यायचं बंद केलं, तेव्हापासून या बोलावण्याला आणखी जोर चढला.

एक दाता चेन्नईजवळच्या कोवलमला, कोळ्यांच्या गावी, राहायला गेला. राव तबक घेऊन बसने तिथे. शुद्ध शाकाहारी माणूस भर मासळीबाजारात अक्षता घेऊन उभा. लोकांना वाटलं, मुलीसाठी स्थळ बघायला आलेत. दोन घरांनी तर मुलगे दाखवायची तयारी केली. दाता मात्र पुढच्या रविवारी हजर झाला.

या वेळी सोसायटीच्या नव्या सेक्रेटरीला, अरविंदला, रावांच्या गुडघ्यांची दया आली. मुलगा चांगला आहे. म्हणाला, मामा, उन्हातान्हात जिने कशाला चढता, मी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतो. रावांनी मान डोलावली. मेसेजवर अंगठ्यांचा पाऊस पडला.

रविवारी हॉलमध्ये खाटा रिकाम्या. नर्स मोबाइल बघत बसलेली. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत थांबतो, मग आवरतो. अरविंद एकेकाला फोन करत होता. पण फोनवर प्रत्येकाला काही ना काही दुखत होतं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सेतुमाधवरावांचा पत्ता नव्हता. मी आणि नीलिमा त्यांच्या घरी गेलो.

राव वेष्टी नेसून तयार बसले होते. समोर तबक भरलेलं.

"चला ना," मी म्हटलं, "तिकडे कुणीच नाही."

"आम्हास कोणी बोलवायला आलं नाही," ते म्हणाले.

मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून आलं नाही. मी बाजूला बसलो. ते भिंतीवरच्या पत्नीच्या फोटोकडे बघत बोलू लागले.

"आम्हास लेकरू नाही. मग घरांत कार्य कुठलं निघणार? हिला फार हौस होती, दारोदार जाऊन बोलावणं करायची. पहिल्या कॅम्पच्या वेळी हीच म्हणाली, आपल्या घरचंच समजू. ही कुंकू लावायची, मी बोलायचा. ही गेल्यापासून मी करंडा नुसता पुढे धरतो. बाया आपल्या हाताने लावून घेतात. बरं नाही दिसत ते."

नीलिमाने तबकातला करंडा उचलला, दोन अक्षता त्यांच्या हातावर ठेवल्या.

"राव, आज कार्य आहे, यायचं," ती म्हणाली. "आणि कुंकू मी लावते. तुम्ही बोला."

राव उठले. तबक मी घेतलं. पहिलंच दार तळमजल्यावरच्या आजीबाईंचं. त्यांची सून आणि मुलगा दोघेही नेहमीचे दाते. आजींना दिसतं कमी. दार उघडून त्यांनी अंदाज घेतला आणि तमिळमध्ये विचारलं, "राव, बरोबर कोण आहे?"

बँकेतले कुलकर्णी आणि त्यांची बायको, असं सांगायला हरकत नव्हती.

"घरची माणसं आहेत," राव म्हणाले.