हौश्याचं शिंग

सासऱ्यांना त्यांचा मेलेला बैल जिवंत करून दाखवायचा, असं मी रविवारी चहा पिता पिता ठरवलं. (थोर विचार मला चहा पितानाच येतात. कपबशी विसळताना अजून एकही आलेला नाही.)

सासरे म्हणजे केदारखेड्याचे रखमाजी. बैल पारखण्यात त्यांचा शब्द शेवटचा. माझ्याबद्दल मात्र वीस वर्षांत त्यांचा एकच शब्द, 'साधा हाय.' तो मला बदलून घ्यायचा होता.

त्यांच्या एका मास्तर चुलतभावाने फार पूर्वी दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने त्यांच्या हौश्या बैलाची स्लाइड काढली होती. ती स्लाइड आणि ती बघायचं दुर्बिणीसारखं यंत्र गेल्या महिन्यात माझ्या हाती लागलं. दोन डोळ्यांना दोन फोटो दिसतात आणि बैल जसा काही बाहेर येतो. मी रोज बघून "वा, काय जिवंत!" म्हणत असे. (डबीवरच्या कागदावर तसं लिहिलं होतं.)

रखमाजी अंबडला आमच्या घरी आले, तसं मी यंत्र पुढे केलं.

"मामा, आधी चष्मा काढा." (मला सेहेचाळिसाव्या वर्षीही चष्मा नाही. त्यामुळे चष्म्यातलं मला फार कळतं.)

"समदं धुकं हाय."

"चाक फिरवा."

"फिरवूनच राह्यलो ना!"

"अवो, पर्त्येकाच्या डोळ्याचं येगळं असतंय," बायको म्हणाली. "बाबाला चष्मा लावून बघू द्या."

रखमाजींनी चष्मा चढवला, भिंगांमधलं अंतर जमवलं आणि चाक जरासं फिरवलं. त्यांचा हात हवेत गेला, वशिंड थोपटावं तसा.

"हौश्या," ते म्हणाले, "लई दिसानं दिसला रे."

मला खरंच भरून आलं. आता 'साधा' गेलाच, असं वाटलं.

"शिंग तर माझ्या नाकालाच लागून राह्यलं, जावाईबापू!"

"कुठं?" मी यंत्र घेतलं. बैल नेहमीसारखा कॅलेंडरवर छापल्यागत सपाट. "मामा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर होतो असा भास."

मग शालूने, म्हणजे बायकोने, स्वतःचा चष्मा काढून चाक फिरवलं आणि झटकन मान मागे घेतली. "अगं बाई! डोळ्यातच जाईल की!"

"तुलाही भास," मी ठामपणे म्हणालो.

रखमाजी उठले. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि तळहाताने माझा डावा डोळा झाकला.

"बोटं किती?"

"तीन."

मग उजवा झाकला. "आता?"

"मामा, आधी हात तर वर करा."

"वरच हाय."

शालूने पदर तोंडाला लावला. रखमाजी तिच्याकडे वळले. "बैल घेताना एकेक डोळा बराबर तपासतो मी. जावाई करताना जल्दी झाली, पोरी."

"आता बाजारात नेला तर?" शालूने विचारलं.

रखमाजींनी अंगठ्याने माझा ओठ वर केला आणि दात नीट पाहिले.

"न्हाई," ते म्हणाले, "आता कुणी घेत नसतंय. राहू दे घरीच."