एक जून सोडून कुठलीही

माझा जन्म कोणत्या तारखेला झाला हे माझ्या आयसला माहीत नव्हतं. बापसाला साल आठवायचं, पण तेही दर वेळी वेगळं. माझी तारीख ठरवली ती विष्णू मास्तरांनी. माझी एकट्याची नाही, गावातल्या सगळ्या पोरांची. गाव त्यांना तारीखमास्तर म्हणायचं. त्यांच्या तोंडावरसुद्धा.

आमचं गाव ठाण्याच्या खाडीला लागून, कळव्याच्या अंगाला. आता तिथे टॉवर उभे आहेत आणि खालचा वॉचमन मला कुठे चाललात विचारतो. तेव्हा सगळी मिठागरं होती. पोर कधी झालं असं विचारलं तर बाई सांगायची, "मिठाच्या राशी लागलेल्या तवा." नाहीतर, "पाणी बांध फोडून आलेला, त्या साली." शाळेच्या रजिस्टरात राशी लिहिता येत नाही, तिथे आकडा लागतो. मग बाकीच्या गावांतले मास्तर काय करायचे, शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून सरसकट एक जून टाकायचे. माझ्या वयाच्या म्हाताऱ्यांना विचारून बघा, ढिगानं एक जूनवाले सापडतील.

आमच्या मास्तरांना एक जूनचा राग होता. "एकाच दिवशी फुटायला ही काय कोंबडीची अंडी आहेत?" असं विचारायचे. "रिकामी तारीख मी देणार नाही. घडलेली तारीख देईन."

घडलेली म्हणजे ज्या दिवशी जगात काहीतरी मोठं घडलं ती. त्यांच्याकडे लाल फडक्यात बांधलेली एक वही होती. दर रविवारी ते छत्री घेऊन ठाण्यापर्यंत चालत जायचे आणि तिथल्या हजामाच्या दुकानात बसून जुने पेपर वाचायचे. कुठे लढाई झाली, कुठे तह झाला, कुठे काय सापडलं, ते तारखेसकट वहीत उतरवायचे. हजाम वैतागायचा, "मास्तर, आता दाढी तरी करा." मास्तर मान वर न करता बोलायचे, "पुढच्या रविवारी."

पण मनाला येईल ती तारीख चिकटवायचे असं नाही. आधी पोराच्या आयसला समोर बसवायचे. पाऊस होता का, थंडी होती का, मीठ धरलेलं की वेचत होतात, असं खोदून विचारायचे. मग त्या दिवसांतली एखादी तारीख वहीतून काढायचे. "ऋतू आईचा, तारीख माझी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझी आयस बोलली, उन्हात राशी लागलेल्या. मास्तरांनी मला वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायला लावलं. मी धापा टाकत परत आलो तर बोलले, "सोळा एप्रिल. या दिवशी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. अशीच फुसफुसत."

माझ्या पुढे जनी उभी होती. शेजारची. तिची पण वेळ तीच, राशींची. तिला मिळाली सहा एप्रिल. "या दिवशी दांडीला मीठ उचललं आणि इंग्रजांचा कायदा मोडला." हे ऐकून माझी आयस खो खो हसायला लागली. "मूठभर मीठ उचलला तं तारीख झाली? मी रोज टोपल्या उचलतंय, माझी क्याला नाय झाली?"

मास्तरांनी वही उघडून खरंच काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही.

जनी माझ्यापेक्षा दहा दिवसांनी मोठी झाली ती अशी, मास्तरांच्या टाकामुळे. पुढे तिच्याशीच माझं लगीन झालं आणि त्या दहा दिवसांचा माझ्यावर जन्मभर जुलूम झाला. काही भांडण निघालं की, "मोठ्या माणसाशी असं बोलतात?"

तर, ज्याची तारीख त्याचा दिवस. त्या दिवशी मास्तर स्वतःच्या खुर्चीवर त्या पोराला उभं करायचे. पोरानं आपल्या तारखेला काय घडलं ते मोठ्यानं सांगायचं, सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवायच्या, आणि मास्तर खिशातून कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवायचे. घरी आमचा वाढदिवस कोणी केला नव्हता, वाढदिवस असतो हेच ठाऊक नव्हतं. वर्षातून एकदा सगळ्यांपेक्षा उंच उभं राहायला मिळायचं, आणि गूळ. सुट्टीत ज्याची तारीख यायची त्याच्या घरी मास्तर चालत जायचे. दहा मेचा एक पोऱ्या होता, सत्तावन्नच्या बंडाचा. भर उन्हात मास्तर छत्री घेऊन मिठागराच्या बांधावरून त्याला शोधत यायचे आणि तिथेच त्याला मिठाच्या राशीवर उभा करायचे.

शिक्षा पण तारखेवरूनच. चौदा जुलैला परमुलखात लोकांनी तुरुंग फोडला म्हणे. ती तारीख ज्याला दिली तो खिडकीतून पळाला. मास्तरांनी त्याला कान धरून आणला. "तारखेला शोभेल असं वाग!" तो बोलला, "शोभेल असाच वागलो, मास्तर." मास्तरांनी कान सोडला.

घोळ झाला तो दोन भावांमुळे. थोरल्याला त्याच्या आत्यानं शाळेत आणलं. पावसातला, म्हणून नऊ ऑगस्ट, चले जाव. धाकट्याला पुढच्या साली बापूस घेऊन आला. थंडीतला, म्हणून चौदा जानेवारी, पानिपत. त्याची आयस घरी रडली, पोराला हरलेली तारीख नको. मास्तर तिला समजवायला घरापर्यंत गेले, "बाई, हरले, पण लढले ना." या समजावण्यात सालाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. रजिस्टरात दोघा भावांत पाच महिन्यांचं अंतर पडलं.

कोणीतरी ते वर कळवलं. आणि एके सकाळी दिपोटी आले. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झालेली, पण दिपोटीची टोपी अजून गोऱ्या साहेबाचीच होती.

त्यांनी रजिस्टर उघडलं आणि बोट फिरवत गेले. "मास्तर, या शाळेत एक जूनचा एकही मुलगा नाही?"

"नाही साहेब."

"आणि ही बाई पाच महिन्यांत दुसऱ्यांदा बाळंत झाली?"

आम्ही हसलो. मास्तर हसले नाहीत. "ते माझं चुकलं. साल दुरुस्त करतो."

दिपोटींनी मला उभं केलं. "जन्मतारीख?"

"सोळा एप्रिल, ठाण्याला पहिली आगगाडी आली!" मी सवयीनं ओरडलो.

"कोणी सांगितली?"

मी मास्तरांकडे बघितलं. तिथेच सगळं कळलं दिपोटींना. रजिस्टर मिटून बोलले, "सरकारी कागदात मनची तारीख लिहिणं म्हणजे काय, माहीत आहे? नोकरी जाईल. या सगळ्या तारखा खोडा आणि एक जून लिहा. आज, माझ्यासमोर."

मास्तरांनी टाक उचलला, पण तो शाईत बुडवेनात. त्यांचा हात नुसता दौतीवर थांबलेला. जनी माझ्या कानात बोलली, "आपला दिवस जानार रं," आणि उठून खिडकीतून गेली. चौदा जुलैवाल्यानं शिकवलेली वाट.

थोड्या वेळानं मिठागरावरच्या बाया आल्या. गुडघ्यापर्यंत पाय पांढरे, हातात फावडी तशीच. पुढे माझी आयस. दारातूनच बोलली, "कोन बोलतंय माझा पोर सोला एप्रिलचा नाय?"

"बाई, तुम्हाला काय माहीत?"

"मना नाय तं कोनाला? तुमी होतात काय तिथं?"

मागून हसू फुटलं. दिपोटी जरा लाल झाले. "पुरावा आहे काही?"

"हा काय पुरावा, तुमच्यापुढं नाक पुसतंय."

मग गोमा सुईण पुढे आली. गावातली सगळी पोरं तिच्या हातची. तिनं शपथेवर सांगितलं की आगगाडीवाला आगगाडीच्याच दिवशी झाला, मीठवाली मिठाच्याच दिवशी. तारखा तिला येत नव्हत्या, नुसती घडलेली गोष्ट येत होती. दिपोटी बोलले, "अहो, ती गाडी शंभर वर्षांपूर्वी आली!" गोमा बोलली, "मंग काय झाला? ताराख तीच ना?"

दिपोटी काही वाईट माणूस नव्हता. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. मग बोलला, "आयांनी सांगितलंय तर मी कोण? प्रत्येकीचा अंगठा घ्या नावापुढे." आणि बायांनी रांग लावली. शाई लावून एकेकीनं आपापल्या पोराच्या तारखेवर अंगठा उठवला. दोन भावांच्या आयसनं तर पानिपतावर इतका जोरात दाबला की कागद फाटायला आला.

जाता जाता दिपोटींनी मास्तरांचा नोकरीचा कागद बघितला आणि थांबले. "मास्तर, तुमची स्वतःची तारीख एक जून?"

मास्तर खाली बघत बोलले, "कल्याणला एका भिक्षुकाच्या पडवीत वाढलो, साहेब. कोणी ठेवलं, कधी ठेवलं, माहीत नाही. तारखा मी वहीतून कितीही काढल्या असत्या. माझा ऋतू सांगायला कोणी नव्हतं."

दिपोटी टोपी घालून निघून गेले.

बाया मात्र गेल्या नाहीत. गोमानं मास्तरांचा हात धरला, पोरांचा धरतात तसा. तळवा बघितला, मनगट दाबलं, हनुवटी वर करून तोंड बघितलं. चाळीस-पन्नाशीचा माणूस, मुकाट उभा. मग माझ्या आयसला बोलली, "काय गं, थंडीतला वाटतंय?"

"छ्या. डोल्यांत बघ किती पानी हाय त्याच्या. पावसातला."

"पावसातलाच," गोमानं निकाल दिला. "मास्तर, तू पावसातला. बोल कोनाला बी, गोमानं सांगितलाय."

ऋतू मिळाला, पण तारीख मास्तरांनी घेतली नाही. वही उघडायचे आणि मिटायचे. त्यामुळे पंचाईत अशी झाली की त्यांचा दिवस कोणता ते कोणालाच ठाऊक नाही. मग पावसाळ्यात जिला जेव्हा आठवेल ती गूळ घेऊन शाळेत जायची. आज एक, परवा दुसरी. चार-चार महिने मास्तरांचा वाढदिवस चालायचा. ते दर वेळी बोलायचे, "अहो, आज काही घडलेलं नाही." बाई बोलायची, "नको घडू दे. गूल खा." आणि ते पाठ फिरवून खायचे.

मी चौथीनंतर मिठावर गेलो. मास्तरांची पुढे शीळफाट्याच्या पलीकडे बदली झाली. आमचं लगीन झाल्यावरसुद्धा जनी दर पावसात त्यांच्याकडे गूळ घेऊन जायची. चिखल तुडवत, मला मागे घेऊन. मी कुरकुरलो की, "मोठ्या माणसाचा ऐकावा." ते गेले तेव्हाही पावसाळाच होता. गोमाचा अंदाज बरोबर होता की नाही देव जाणे.

जनी गेली त्याला आता सहा महिने झाले. मृत्यूचा दाखला आणायला महापालिकेत गेलेलो. खिडकीत एक तरणा कारकून होता, भला पोरगा, मला बसायला खुर्ची दिली. नाव विचारलं, गाव विचारलं. मग बोलला, "आजींची जन्मतारीख?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो. त्याला वाटलं, मला माहीत नाही. समजुतीनं बोलला, "राहू द्या आजोबा. जुन्या माणसांची आम्ही एक जून टाकतो. सगळ्यांची तीच असते."

मी उठून उभा राहिलो. खुर्चीवर चढता आलं नाही, गुडघे गेलेत.

"तिची आहे," मी बोललो, जरा मोठ्यानंच. "सहा एप्रिल. दांडीला मीठ उचललं. लिही. तिच्या आयसनं अंगठा दिलाय त्याच्यावर."