काळजातली पंगत

पंचक्रोशीत आपल्यासारखं दणकट काळीज कुणाचं नाही, असं खंडूनाना डुंबरे छाती ठोकून सांगायचे. फक्त ठोकल्यावर जरा दम लागायचा. त्याच काळजाच्या डाव्या धमनीत पांढऱ्या पेशी पंगत मांडून बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या.

डॉक्टर वैजयंतीबाईंनी नळी नानांच्या छातीला लावली आणि दुसरं टोक त्यांच्याच कानात दिलं. "तुमचेच पाहुणे आहेत. तुम्हीच बोला."

नाना गावातल्या प्रत्येक लग्नातले वाढपी. हात आडवा धरणाऱ्याच्या बोटांमधून बालुशाही पानात टाकायची, ही त्यांची ख्याती. आत्ताही एक त्यांच्या गालात होतीच.

"कोण रे तिथं?"

"राम राम, नाना," आतून एका थोराड पेशीचा दबलेला आवाज आला. "भिंतीत मुरलेली चरबी साफ करायला आलो होतो. दोन घास खाऊन निघणार, तर वरून वाढप थांबेचना. पोटं फुगली, भिंतीत रुतलो. मदतीला भावकी बोलावली, तर तीही जेवायलाच बसली."

"मग उठा की आता!"

"शेवटच्याचं झाल्याशिवाय पंगत उठते होय? तुमच्याच गावची रीत."

रीत खरी होती.

बाई म्हणाल्या, "रक्ताला सुतळीएवढी वाट उरलीय. यजमानानं हात जोडून 'वाढप संपलं' म्हणावं. नाहीतर पंगतही संपेल आणि यजमानही."

"वाढप संपलं? मी म्हणू? मेलो तरी बेहत्तर, पण डुंबऱ्याचं पातेलं आटलं असं कुणी म्हणता कामा नये!"

मग नानांनी बाईंना डोळा मारला, तांब्या उचलला आणि बालुशाही सांभाळत ते घटाघटा पाणी प्याले. हात धुवायचं पाणी आलं की भलेभले पाहुणे झक मारत उठतात.

आत हालचाल झाली. "पाणी आलं, पाणी आलं," अशी कुजबुज पसरली. छाती क्षणभर मोकळी झाली. आणि पुन्हा आवळली.

"का रे बसलात?"

"शेवटचा गडी अजून खातोय."

"कोण तो अधाशी?" नाना खाटेवरून उठलेच. "नाव सांगा! बखोट धरून बाहेर काढतो!"

"आमच्यावर कशाला ओरडता? आधी गालातली बालुशाही थुंका, नाना. सगळी पंगत तुमच्यासाठी खोळंबलीय."